घरच्या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीनमध्ये होम असिस्टंट कसे चालवावे

घरातले दिवे, पंखे, दारांचे सेन्सर आणि विजेचे मीटर यांना एका धाग्यात ओवणारे सॉफ्टवेअर बंद पडले, की त्याचा त्रास ते बसवणाऱ्यापुरता राहत नाही. त्या वेळी घरात असलेल्या प्रत्येकाला तो होतो. हौस म्हणून सुरू केलेले हे काम त्यामुळे लवकरच जबाबदारीचे होते, आणि ते कोणत्या यंत्रावर, कशा मांडणीत चालवायचे याचा निर्णय आधीच विचारपूर्वक घ्यावा लागतो. होम असिस्टंट ही मुक्त स्रोत प्रणाली घरच्या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएममध्ये), म्हणजे खऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात, कशी बसवावी आणि बसवल्यानंतर ती कशी टिकवावी, हे पुढे सविस्तर सांगितले आहे. सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स व्हीई ही व्हीएम चालवणारी प्रणाली आहे असे गृहीत धरले आहे. व्हर्च्युअलबॉक्स किंवा लिनक्सवरचे साधे केव्हीएम वापरणाऱ्यांना बटणांची नावे वेगळी दिसतील, पण प्रत्येक निवडीमागची कारणे तीच राहतील. हायपर-व्ही मात्र यूएसबी उपकरण थेट व्हीएमच्या हाती देत नाही, त्यामुळे झिगबी डोंगल, म्हणजे झिगबी या बिनतारी पद्धतीने घरातल्या उपकरणांशी बोलणारा यूएसबी रेडिओ, वापरणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

व्हीएमच का

पॉलस स्खाउटसेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प २०२४ पासून ओपन होम फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. पुष्कळ जण त्याची सुरुवात रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर, मेमरी कार्डावर करतात. होम असिस्टंटचा रेकॉर्डर नावाचा भाग सेन्सरचा प्रत्येक बदललेला आकडा एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये टिपत असतो आणि मूळ मांडणीत दर ५ सेकंदांनी तो डिस्कवर उतरवत असतो. अशा अखंड लेखनाने कार्ड झिजते, आणि झिजलेले कार्ड आगाऊ सूचना देऊन बंद पडत नाही. एसएसडी असलेला छोटा संगणक हा त्यावरचा चांगला उपाय आहे. पण तो अख्खा संगणक एकट्या होम असिस्टंटला दिला, तर त्याची बहुतेक ताकद पडून राहते.

तीच ताकद वापरण्यासाठी कंटेनरचा, म्हणजे एकेक सॉफ्टवेअर त्याच्या हलक्या, वेगळ्या कप्प्यात चालवण्याचा, मार्गही आहे. त्यात मूळ सॉफ्टवेअर चालते, पण ॲड-ऑन, म्हणजे सोबतीची सॉफ्टवेअर, बसवून सांभाळणारा सुपरवायझर हा भाग नसतो. म्हणजेच ॲड-ऑन मिळत नाहीत आणि मॉस्किटो, झिगबी२एमक्यूटीटी यांसारखे सोबतीचे प्रत्येक सॉफ्टवेअर आपणच स्वतंत्र कंटेनरमध्ये बसवून सांभाळावे लागते. ज्यांना डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची सवय आहे, त्यांना यात अडचण नाही. साध्या लिनक्सवर सुपरवायझर चढवण्याची जुनी पद्धत काही जण अजून सुचवतात. परंतु तिचे आणि नुसत्या कोअर पद्धतीचे (मूळ सॉफ्टवेअर कंटेनरशिवाय, थेट चालवण्याच्या पद्धतीचे) अधिकृत पाठबळ काढून घेण्याचे प्रकल्पाने २०२५ मध्ये जाहीर केले, तेव्हा नव्याने सुरुवात करणाऱ्याने ती टाळावी. व्हीएममध्ये होम असिस्टंट ओएस ही पूर्ण प्रणाली, तिच्या निर्मात्यांना अभिप्रेत असलेल्या रूपात, जशीच्या तशी चालते. माझ्या लेखी याहून मोठा लाभ दुसराच आहे: घराची सगळी स्मृती, म्हणजे उपकरणांची नावे, नियम, डॅशबोर्ड आणि जुने आकडे, एका आभासी डिस्कमध्ये सामावते, आणि ती डिस्क उचलून दुसऱ्या यंत्रावर ठेवता येते. पुढची सगळी खटपट ही उचलण्याची सोय शाबूत ठेवण्यासाठी आहे.

यंत्राची तयारी

अधिकृत शिफारशीनुसार होम असिस्टंटच्या व्हीएमला निदान २ जीबी मेमरी, २ आभासी प्रोसेसर आणि ३२ जीबी डिस्क लागते. मी ४ जीबी मेमरी देण्याचा आग्रह धरीन, कारण काही ॲड-ऑन चढल्यावर आणि ईएसपीहोमचे (छोट्या ईएसपी बोर्डांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या साधनाचे) एखादे फर्मवेअर तिथेच तयार करायला घेतल्यावर २ जीबी अपुरी पडते. सर्व्हरमध्ये एकूण ८ जीबी मेमरी, एसएसडी आणि तारेचे नेटवर्क असले, म्हणजे काम सुरू करता येते. वायफायवरचा सर्व्हर या कामासाठी घेऊ नये. व्हीएमला ज्या प्रकारचा नेटवर्क ब्रिज लागतो, तो वायफाय कार्डावर सहसा उभा राहत नाही.

प्रॉक्समॉक्स बसवण्यापूर्वी संगणकाच्या बायोसमध्ये दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे प्रोसेसरची आभासीकरणाची सोय, जिला इंटेलच्या यंत्रांवर व्हीटी-एक्स आणि एएमडीच्या यंत्रांवर एसव्हीएम म्हणतात. ती चालू असावी. दुसरी म्हणजे वीज जाऊन परत आल्यावर संगणकाने आपोआप सुरू व्हावे, ही सूचना. मूळ मांडणीत बरेच संगणक वीज परतल्यावरही बंदच राहतात, आणि घरी कोणी नसताना हे लक्षात येते तेव्हा काहीच करता येत नाही.

प्रॉक्समॉक्स हे डेबियन लिनक्सवर बेतलेले आहे आणि त्याची बसवणूक निवडलेली डिस्क पूर्ण पुसते, म्हणून जुना डेटा आधी काढून घ्यावा. बसवताना सर्व्हरला कायमचा आयपी पत्ता द्यावा. नंतर ब्राउझरमध्ये त्या पत्त्यावर ८००६ या पोर्टवर, एचटीटीपीएसने, त्याचे नियंत्रण पान उघडते. सर्टिफिकेट सर्व्हरनेच स्वतःसाठी तयार केलेले असल्यामुळे ब्राउझर इशारा देतो. घरच्या नेटवर्कवर, पत्ता आपणच दिलेला आहे याची खात्री करून, तो ओलांडता येतो. वर्गणी घेतलेली नसेल, तर एंटरप्राइज रिपॉझिटरी (अद्ययावतीकरणे जिथून येतात ते भांडार) बंद करून 'नो-सबस्क्रिप्शन' रिपॉझिटरी चालू करावी, नाहीतर अद्ययावतीकरण अडते. यजमान प्रणालीवर, म्हणजे व्हीएमना आत घेणाऱ्या या प्रॉक्समॉक्सवर, यापलीकडे शक्यतो काहीही बसवू नये. ती जितकी कोरी, तितकी बिघाडानंतर पुन्हा उभी करणे सोपे.

व्हीएम तयार करणे

होम असिस्टंटच्या संकेतस्थळावरून केव्हीएम आणि प्रॉक्समॉक्ससाठी असलेली क्यूकाऊ२ प्रकारची डिस्क फाइल घ्यावी. ती एक्सझेड पद्धतीने दाबलेली असते. वापरण्यापूर्वी ती उलगडावी लागते. ही फाइल म्हणजे आधीच प्रणाली बसवलेली डिस्क आहे, त्यामुळे नेहमीप्रमाणे सीडीची प्रतिमा जोडून बसवणूक करायची नसते. नवख्या माणसाचा पहिला गोंधळ नेमका इथेच होतो.

प्रॉक्समॉक्समध्ये 'क्रिएट व्हीएम' दाबून व्हीएमला नाव आणि क्रमांक द्यावा. 'ओएस' या पानावर कोणतेही माध्यम वापरायचे नाही, हा पर्याय निवडावा. 'सिस्टम' या पानावर मशीनचा प्रकार क्यू३५ आणि बायोस म्हणून ओव्हीएमएफ निवडावा, कारण होम असिस्टंट ओएसला यूईएफआय या, जुन्या बायोसच्या जागी आलेल्या, पद्धतीनेच सुरू व्हावे लागते. त्यासोबत एक छोटी ईएफआय डिस्क जोडली जाते. तिच्याखाली 'प्री-एनरोल कीज' अशी खूण असते, ती काढून टाकावी. ही खूण राहिली, तर सिक्युअर बूट, म्हणजे मान्य सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी सोय, चालू होते, आणि होम असिस्टंट ओएसवर त्याला मान्य असलेली सही नसल्याने कन्सोलवर 'ॲक्सेस डिनाइड' असा संदेश येऊन व्हीएम तिथेच थबकते. तसे झालेच, तर व्हीएम बंद करून ईएफआय डिस्क काढावी आणि खुणेशिवाय पुन्हा जोडावी. मूळ डिस्कला त्याने धक्का लागत नाही. याच पानावर 'क्यूईएमयू एजंट' चालू करावा. होम असिस्टंट ओएसमध्ये तो आधीपासून असतो, आणि त्याच्यामुळे यजमानाला व्हीएमचा आयपी पत्ता कळतो, ते व्यवस्थित बंद करता येते आणि बॅकअपच्या क्षणी फाइल प्रणाली थोडा वेळ स्थिर ठेवता येते.

'डिस्क' पानावर आपोआप सुचवलेली डिस्क काढून टाकावी. आपली डिस्क नंतर येणार आहे. प्रोसेसरचे दोन कोअर द्यावेत आणि प्रकार 'होस्ट' ठेवावा, म्हणजे खऱ्या प्रोसेसरच्या सगळ्या सुविधा व्हीएमला मिळतात. वेगवेगळ्या पिढ्यांच्या यंत्रांचा समूह करून चालते व्हीएम एकावरून दुसऱ्यावर हलवायचे असेल, तरच दुसरा प्रकार घ्यावा. मेमरीच्या पानावर ४०९६ लिहून 'बलूनिंग' बंद करावे. बलूनिंगमध्ये यजमान गरजेनुसार व्हीएमची मेमरी काढून घेतो. घराचा कारभार पाहणाऱ्या व्हीएमची मेमरी ऐन वेळी आक्रसावी, हे आपल्याला नको आहे. नेटवर्कसाठी व्हर्टआयओ प्रकार आणि मूळ ब्रिज ठेवून व्हीएम तयार करावे, पण ते सुरू करू नये.

आता डिस्क फाइल आत आणायची. प्रॉक्समॉक्सच्या नव्या आवृत्त्यांत साठवणीला 'इम्पोर्ट' हा प्रकार जोडून ती नियंत्रण पानावरूनच आत घेता येते. जुन्या आवृत्तीत शेलमधून एकच आज्ञा द्यावी लागते: आधी 'क्यूएम', मग 'इम्पोर्टडिस्क', त्यापुढे व्हीएमचा क्रमांक, मग फाइलचा पूर्ण मार्ग आणि शेवटी ज्या साठवणीत डिस्क ठेवायची तिचे नाव. आज्ञा पूर्ण झाल्यावर व्हीएमच्या 'हार्डवेअर' यादीत 'अनयूज्ड डिस्क' दिसते. तिच्यावर दोनदा क्लिक करून ती स्कझी पद्धतीने जोडावी आणि एसएसडी असल्यास 'डिस्कार्ड'ची खूण करावी, म्हणजे आत पुसलेली जागा यजमानाला परत मिळते. शेवटी 'ऑप्शन्स'मधील 'बूट ऑर्डर' उघडून ही डिस्क पहिली ठेवावी. हे विसरले, तर व्हीएम नेटवर्कवरून सुरू होण्याचा निष्फळ प्रयत्न करत बसते.

डिस्क ३२ जीबीची असते. ती वाढवायची असल्यास 'रीसाइझ'ने हवी तेवढी भर घालून व्हीएम पुन्हा सुरू करावे. आतली प्रणाली वाढलेली जागा आपोआप ताब्यात घेते. रेकॉर्डर मूळ मांडणीत १० दिवसांचाच तपशील ठेवतो, म्हणून कॅमेऱ्याचे चित्रण तिथे साठवले नाही, तर ३२ जीबी बराच काळ पुरते. कॅमेऱ्यातील हालचाली ओळखणारे जड सॉफ्टवेअर या व्हीएममध्ये आणूच नये. त्याला स्वतंत्र व्हीएम किंवा कंटेनर द्यावा, म्हणजे त्याचा भार वाढला तरी दिवे लागायला उशीर होणार नाही.

ही सगळी पावले एका फटक्यात करून देणाऱ्या स्क्रिप्ट इंटरनेटवर मिळतात आणि त्यांपैकी काही चांगल्या आहेत. तरीही पहिल्या वेळी हे काम हातानेच करावे, असे माझे मत आहे. यजमानावर सर्वाधिकार घेऊन चालणारी स्क्रिप्ट न वाचता चालवणे धोक्याचे आहेच. शिवाय कोणता पर्याय कशासाठी निवडला हे ठाऊक नसेल, तर बिघाडाच्या वेळी शोध कुठून सुरू करायचा तेच कळत नाही.

पहिली सुरुवात आणि नेटवर्क

व्हीएम सुरू करून कन्सोल उघडावा. काही वेळाने तिथे आयपी पत्ता दिसतो. त्या पत्त्यावर ८१२३ या पोर्टवर ब्राउझरने गेल्यावर तयारी चालू असल्याचे पान येते. इंटरनेटच्या वेगानुसार त्याला काही मिनिटे ते वीसएक मिनिटे लागतात, म्हणून अधीर होऊन मध्येच व्हीएम बंद करू नये. त्यानंतर नवे घर उभारावे किंवा, जुन्या यंत्रावरून स्थलांतर करत असल्यास, तिथला बॅकअप याच पानावर चढवावा.

नेटवर्कची मांडणी वरवर साधी दिसते, पण 'उपकरण सापडत नाही' या प्रकारच्या पुष्कळ तक्रारींचे मूळ इथे असते. प्रॉक्समॉक्सचा ब्रिज म्हणजे सर्व्हरच्या आत ठेवलेला आभासी स्विच. व्हीएम त्याला जोडलेले असल्यामुळे राउटरला ते स्वतंत्र मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) असलेले स्वतंत्र यंत्र म्हणून दिसते आणि इतर उपकरणांच्याच नेटवर्कात बसते. घरातील टीव्ही, स्पीकर, प्रिंटर हे एमडीएनएस किंवा एसएसडीपी या पद्धतींनी स्वतःची ओळख हाकाटून सांगत असतात आणि ती हाक सहसा राउटर ओलांडत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये मूळ मांडणी एनएटी प्रकारची असते. त्यात व्हीएम एका भिंतीमागे राहते आणि हाक त्याच्या कानी पडत नाही. तिथे 'ब्रिज्ड' प्रकार निवडणे अत्यावश्यक आहे. स्मार्ट उपकरणांसाठी वेगळे व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवर वेगळे काढलेले नेटवर्क, करणाऱ्यांनाही हीच अडचण येते. त्यांनी व्हीएमला त्या व्हीलॅनमध्ये दुसरे नेटवर्क कार्ड द्यावे किंवा राउटरवर एमडीएनएस रिफ्लेक्टर, म्हणजे ही हाक एका नेटवर्कातून दुसऱ्यात पोहोचवणारी सोय, चालू करावा. मॅटर या स्मार्ट उपकरणांच्या सामाईक मानकाची उपकरणे आयपीव्ही६ वापरतात, म्हणून राउटरवर किंवा होम असिस्टंटमध्ये ते बंद केलेले नाही ना, हे तपासावे.

व्हीएमचा पत्ता बदलता कामा नये. त्यासाठी होम असिस्टंटच्या आत कायमचा पत्ता लिहिण्यापेक्षा राउटरमध्ये त्याच्या मॅक पत्त्यासाठी आयपी राखून ठेवणे मला अधिक सोयीचे वाटते. उद्या राउटर बदलला, तर हरवलेल्या व्हीएमचा माग काढत बसावे लागत नाही.

झिगबी डोंगल: आभासी यंत्राचा खरा कान

व्हीएममधले बाकी सगळे आभासी असले, तरी रेडिओ खराच लागतो. यूएसबी डोंगल सर्व्हरला लावून व्हीएमच्या 'हार्डवेअर' यादीत 'यूएसबी डिव्हाइस' म्हणून जोडावे. इथे दोन पर्याय दिसतात: उपकरणाच्या ओळख क्रमांकाने जोडणे किंवा पोर्टने जोडणे. ओळख क्रमांकाने जोडले, तर डोंगल कोणत्याही पोर्टमध्ये घातले तरी व्हीएम त्याला ओळखते, आणि एकच डोंगल असताना हाच पर्याय बरा. परंतु हा ओळख क्रमांक पुष्कळदा डोंगल बनवणाऱ्याचा नसतो. आतल्या सीपी२१०२ किंवा सीएच३४० अशा सर्वसामान्य यूएसबी-सिरियल चिपचा असतो. झिगबीचे एक डोंगल आणि वीज मीटर वाचणारी एक तार या दोन्हींत तीच चिप असली, तर दोघांची ओळख एकच ठरते. माझ्या घरी एका रात्री वीज जाऊन आल्यावर नेमके हेच झाले: व्हीएमच्या वाट्याला मीटरची तार आली आणि झिगबीचे सगळे दिवे गप्प झाले. त्यानंतर मी दोन्ही उपकरणे पोर्टने जोडली आणि त्या पोर्टांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. होम असिस्टंटच्या आतही डोंगलचा मार्ग निवडताना 'टीटीवाययूएसबी०' असा बदलू शकणारा मार्ग घेऊ नये. 'बाय-आयडी' या फोल्डरमधला लांबलचक, पण उपकरणाच्या अनुक्रमांकासह येणारा मार्ग घ्यावा.

दुसरी गोष्ट कुजबुजीची आहे. झिगबी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलते. यूएसबी ३ चे पोर्ट आणि त्यांना लावलेल्या हार्ड डिस्क याच पट्ट्यात विद्युत गोंगाट करतात, आणि इंटेलने २०१२ मध्ये एका तांत्रिक टिपणात हा परिणाम मोजून दाखवला होता. धातूच्या पेटीला चिकटून, डिस्कच्या शेजारी लावलेले डोंगल जवळची उपकरणे कशीबशी ऐकते आणि दूरची हरवते. मीटरभर लांबीची यूएसबी २ ची विस्तारक तार वापरून डोंगल सर्व्हरपासून दूर, मोकळ्यावर ठेवावे. इतक्या कमी खर्चात इतका फरक पाडणारे दुसरे काहीही या संपूर्ण मांडणीत नाही. वायफायही याच पट्ट्यात असते. झिगबीला ११ ते २६ असे १६ चॅनल उपलब्ध आहेत. वायफाय १, ६ आणि ११ या चॅनलांवर असेल, तर झिगबीचे १५, २० आणि २५ हे चॅनल त्यांच्या मधल्या फटींत येतात. चॅनलचा निर्णय सुरुवातीलाच घ्यावा, कारण नंतर बदलल्यास काही उपकरणे पुन्हा जोडावी लागू शकतात.

ज्यांना आपले व्हीएम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर सहज हलवायचे आहे, त्यांनी नेटवर्कच्या तारेने जोडला जाणारा झिगबी कोऑर्डिनेटर, म्हणजे डोंगलचेच झिगबी नेटवर्क चालवण्याचे काम करणारे स्वतंत्र उपकरण, घ्यावा. यूएसबी डोंगल ज्या यंत्रात आहे, त्या यंत्राशी व्हीएमला बांधून ठेवते. नेटवर्कवरचा कोऑर्डिनेटर घराच्या मध्यभागी ठेवता येतो आणि व्हीएम कुठूनही त्याच्याशी बोलू शकते. मात्र तो वायफायवर चालवू नये; मधली जोडणी क्षणभर तुटली, तरी झिगबीचा कारभार अडखळतो. ब्लूटूथसाठीही हाच विचार लागू होतो. सर्व्हरला ब्लूटूथ डोंगल लावण्यापेक्षा ईएसपीहोम चढवलेले ईएसपी३२ बोर्ड खोल्यांमध्ये प्रॉक्सी, म्हणजे ब्लूटूथचे निरोप नेटवर्कवरून पुढे पोहोचवणारे मध्यस्थ, म्हणून ठेवले, तर पोहोच वाढते आणि व्हीएममध्ये काहीच जोडावे लागत नाही.

वीज जाते तेव्हा

'ऑप्शन्स'मध्ये 'स्टार्ट ॲट बूट' चालू करावे आणि सुरू होण्याचा क्रम ठरवावा. घराचा डीएनएस (नावांवरून पत्ते सांगणारा) किंवा डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटणारा) सर्व्हर याच यंत्रावरील दुसऱ्या व्हीएममध्ये असेल, तर त्याचा क्रम पहिला, त्यानंतर अर्ध्या मिनिटाची उसंत, आणि मग होम असिस्टंट. ही उसंत नसेल, तर होम असिस्टंट नावांचे पत्ते मिळण्याआधीच उठते आणि निम्मी इंटिग्रेशन (उपकरणांशी व सेवांशी जोडणारे भाग) चुकीच्या पायावर सुरू होतात.

सर्व्हर, राउटर आणि स्विच हे तिन्ही यूपीएसवर असावेत. यूपीएसची यूएसबी तार व्हीएमला न देता यजमानाला द्यावी आणि यजमानावर एनयूटी, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स, बसवावे. बॅटरी संपत आली, की यजमान आधी सगळी व्हीएम शिस्तीत बंद करतो आणि मग स्वतः बंद होतो. होम असिस्टंटला यूपीएसची स्थिती हवी असल्यास ते नेटवर्कवरून, ३४९३ या पोर्टवर, एनयूटीकडे विचारू शकते. यजमान प्रणाली कोरी ठेवण्याच्या नियमाला मी केलेला हा एकमेव अपवाद आहे.

आणि एवढे करूनही सर्व्हर कधी ना कधी बंद पडेल, हे धरूनच घराची रचना करावी. भिंतीवरचे बटण दाबले की दिवा लागला पाहिजे, मग होम असिस्टंट जिवंत असो वा नसो. त्यासाठी बटणाच्या मागे बसणारे रिले निवडावेत किंवा झिगबीचे बटण थेट दिव्याशी 'बाइंड' करावे, म्हणजे दोघांमधला निरोप कोऑर्डिनेटरकडे न जाता परस्पर पोहोचतो.

बॅकअप, स्नॅपशॉट आणि त्यांतला फरक

या दोन शब्दांची गल्लत महागात पडते. स्नॅपशॉट म्हणजे त्याच डिस्कवर ठेवलेली मागे वळण्याची खूण. अद्ययावतीकरणापूर्वी तो घ्यावा, सगळे ठीक चालले की एक-दोन दिवसांत पुसावा. तो घेताना मेमरीचा समावेश करू नये. जुन्या क्षणातली अर्धवट जोडणी परत जिवंत करून काही साधत नाही. डिस्कच निकामी झाली, तर स्नॅपशॉटही तिच्यासोबत जातो. बॅकअप वेगळ्या जागी असतो, तोच बॅकअप.

मी दोन थरांचा बॅकअप ठेवतो आणि तसाच सुचवीन. पहिला थर प्रॉक्समॉक्सचा: 'डेटासेंटर'खाली 'बॅकअप'चे काम नेमून रोज पहाटे, स्नॅपशॉट पद्धतीने, पूर्ण व्हीएमची प्रत दुसऱ्या यंत्रावर किंवा निदान दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, आणि सात रोजच्या, चार साप्ताहिक व काही मासिक प्रती राहतील असा जपणुकीचा नियम लावावा. दुसरा संगणक उपलब्ध असेल, तर त्यावर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर बसवावा. तो आधी साठवलेले तुकडे पुन्हा साठवत नाही, त्यामुळे रोजची प्रत थोड्या जागेत मावते. दुसरा थर होम असिस्टंटच्या स्वतःच्या बॅकअपचा. पहिल्या थराने संपूर्ण यंत्र काही मिनिटांत परत येते, पण ते प्रॉक्समॉक्सवरच. दुसऱ्या थरातली फाइल कोणत्याही प्रकारच्या यंत्रावरील होम असिस्टंटमध्ये चढवता येते आणि आकाराने लहान असल्यामुळे घराबाहेर ठेवणे सोपे जाते.

या दुसऱ्या बॅकअपला २०२५ पासून कूटबद्ध करण्याची किल्ली असते. ती किल्ली बॅकअपसोबत किंवा केवळ होम असिस्टंटच्या आत ठेवू नये. पासवर्ड व्यवस्थापकात एक प्रत आणि कागदावर दुसरी प्रत, अशी ती जपावी. झिगबी नेटवर्कचीही स्वतंत्र किल्ली असते. झेडएचए (होम असिस्टंटमध्येच असलेला झिगबीचा भाग) आणि झिगबी२एमक्यूटीटी ही झिगबी सांभाळणारी दोन्ही सॉफ्टवेअर कोऑर्डिनेटरच्या माहितीची प्रत आपल्या फाइलींत ठेवतात. त्यामुळे डोंगल जळाले, तरी त्याच जातीच्या नव्या डोंगलवर ती चढवून पन्नास उपकरणे एकेक करून पुन्हा जोडण्याचे कष्ट सहसा वाचतात.

रोजची देखभाल

होम असिस्टंटची मोठी आवृत्ती दर महिन्याला येते, साधारण पहिल्या बुधवारी. ती त्याच दिवशी चढवण्याची घाई करू नये. आठवडाभरात दुरुस्तीच्या उपआवृत्त्या येतात. घोषणेतील जुन्या मांडणीशी न जुळणाऱ्या बदलांचा भाग आपल्या उपकरणांच्या दृष्टीने वाचावा आणि मगच पुढे जावे. होम असिस्टंट ओएस प्रणालीच्या दोन जागा ठेवते आणि नवी आवृत्ती रिकाम्या जागी चढवते. नवी सुरू झाली नाही, तर जुनीकडे परतण्याची वाट उरते. प्रॉक्समॉक्सचे अद्ययावतीकरण आणि होम असिस्टंटचे अद्ययावतीकरण एकाच दिवशी करू नये, नाहीतर बिघाड कोणामुळे झाला ते ओळखता येत नाही.

बाहेरून पोहोचण्यासाठी ८१२३ किंवा ८००६ हे पोर्ट राउटरवर उघडू नयेत. वायरगार्डचे व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित मार्ग) किंवा नाबू कासा या कंपनीची होम असिस्टंटसाठीची वर्गणीची सेवा वापरावी, आणि होम असिस्टंट व प्रॉक्समॉक्स या दोन्ही ठिकाणच्या खात्यांना द्विस्तरीय पडताळणी लावावी.

परत उभे करण्याची तालीम

तीन-चार महिन्यांतून एकदा, घरातल्यांना सांगून, दिवसाउजेडी अर्धा तास राखून ठेवावा. प्रॉक्समॉक्सच्या ताज्या बॅकअपमधून नवा क्रमांक देऊन दुसरे व्हीएम उभे करावे. तसे करताना 'युनिक' ही खूण करू नये, म्हणजे मॅक पत्ता तोच राहतो आणि राउटर त्याला राखून ठेवलेला पत्ता देतो. मूळ व्हीएम पूर्ण बंद झाल्याची खात्री केल्यावरच नवे सुरू करावे. एकाच पत्त्याची आणि एकाच डोंगलवर हक्क सांगणारी दोन व्हीएम क्षणभरही एकत्र चालू नयेत. मूळ व्हीएमचे 'स्टार्ट ॲट बूट' तालमीपुरते काढून ठेवावे, कारण मध्येच वीज गेली, तर दोन्ही एकदम उठतील. मग डॅशबोर्ड उघडतो का, इतिहासाचे आलेख दिसतात का, झिगबीचा एखादा दूरचा दिवा लागतो का, आणि एखादा नियम वेळेवर चालतो का, हे पाहावे. काही अडले, तर ते वहीत टिपून ठेवावे. सगळे चालले, तर नवे व्हीएम बंद करावे, मूळ सुरू करून त्याचे 'स्टार्ट ॲट बूट' परत लावावे, तोच दूरचा दिवा पुन्हा एकदा लावून पाहावा, आणि मगच तालमीचे व्हीएम पुसावे.